किती माणूस बसंल? : जत्रेतलं फुकटचं गाणं आणि गर्दीतली सुरक्षितता

आमचं कुलदैवत सोनारीचा भैरवनाथ. परांडा तालुक्यातलं गाव, जिल्हा धाराशिव. चैत्रात यात्रा भरते आणि सोलापूर, नगर, बीडकडची माणसं येतात. लहानपणी सोनारीचं दर्शन झालं की पुढचे आठ-पंधरा दिवस आजोबांबरोबर आसपासच्या गावांच्या जत्रा व्हायच्या. जत्रा म्हटलं की रात्री तमाशा, तोही फुकट, गावानं वर्गणी काढून आणलेला. निघण्याआधी आजोबा दर वेळी तेच चार नियम सांगायचे. "पैसं बंडीच्या आतल्या खिशात. बसायचं ते कडंला, मधी घुसायचं न्हाई. चुकामूक झाली तर हिंडत बसू नको, गाडी सोडलीय त्या लिंबाखाली येऊन बस. आन् वग संपल्याबिगर उठायचं न्हाई."

तेव्हा हे म्हाताऱ्या माणसाचं भित्रेपण वाटायचं. पुढं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी गर्दीच्या हालचालीवर काम करतोय. दाणेदार पदार्थ (वाळू, ज्वारी वगैरे) अरुंद तोंडातून कसे वाहतात आणि का अडकतात, तिथून सुरुवात करून मी माणसांपर्यंत आलो. आजोबांचे चारही नियम शास्त्राला धरून होते हे तेव्हा कळलं. चौथा कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याकडं पुढं येतो.

आधी एक घरातली गोष्ट सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळं लिहितोय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्याच एका गावात वाढदिवसाच्या निमित्तानं मोफत ऑर्केस्ट्रा होता. गावाचं नाव सांगत नाही. मी, चुलतभाऊ, वहिनी आणि चुलत बहीण गेलो. शाळेचं मैदान, आत जायला एकच फाटक. दोन गाणी झाली, मागून लोंढा आला आणि पंधरा-वीस मिनिटं आम्हाला जागचं हलता आलं नाही. भावाचा मोबाईल गेला, वहिनीचं मंगळसूत्र तुटलं, अर्धं हातात राहिलं. बहीण घरी येईपर्यंत गप्प होती. दुसऱ्या दिवशी वहिनीला म्हणाली, "कोण होतं ते कळायला मान तरी वळायला पाहिजे ना." त्यानंतर ती अशा कुठल्याच कार्यक्रमाला गेलेली नाही.

मान वळायला पाहिजे, हे तिचं वाक्य माझ्या विषयाच्या अगदी मध्यावर येतं.

गर्दी मोजण्याचं आमचं एकक म्हणजे दर चौरस मीटरला माणसं. जमिनीवर सव्वातीन फूट लांब, सव्वातीन फूट रुंद चौकोन आखा. त्यात दोन माणसं असली तर आरामात उभी राहतात, वाट काढता येते. चार झाली की अंगाला अंग लागतं. पाच-सहाच्या पुढं माणूस स्वतःच्या मर्जीनं वळू शकत नाही. सातच्या आसपास गर्दी पातळ पदार्थासारखी वागायला लागते, असं जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्यानं १९९३ मध्ये लिहिलं. धक्क्याची लाट एका टोकाकडून दुसरीकडं जाते, माणसं चपलांतून उचलली जातात. बळी जातात ते बहुतेक करून पायाखाली तुडवून नव्हे, तर छातीवर दाब येऊन. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, आणि तेवढी जागाच उरलेली नसते. आपण "चेंगराचेंगरी" म्हणतो तो शब्द इंग्रजीतल्या शब्दापेक्षा शास्त्राला जास्त जवळचा आहे. त्यात धावणं नाही, चेंगरणं आहे.

माझं म्हणणं एवढंच की चोरी, छेडछाड आणि चेंगराचेंगरी या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून पोलीस ठाण्यात नोंदल्या जात असतील, पण मैदानावर त्यांची जमीन एकच आहे. खिसेकापूला काय लागतं? त्याचा स्पर्श कुणाला खटकू नये. दोन माणसांच्या दाटीत कुणी चिकटला तर आपण लगेच बघतो. पाचांच्या दाटीत सगळेच चिकटलेले असतात, स्पर्शाला अर्थच उरत नाही. छेडछाड करणाऱ्याचंही तेच. त्याला अंधारापेक्षा दाटी जास्त उपयोगी, कारण अंधारात निदान मागं सरकता येतं. आणि ज्या दाटीत ओरडणाऱ्या बाईपर्यंत कुणी पोचू शकत नाही, त्याच दाटीत चक्कर येऊन पडलेल्या पोरापर्यंतही कुणी पोचत नाही. आजोबांचा पहिला आणि दुसरा नियम इथं सुटतो.

आता प्रश्न असा की आपल्याकडं सार्वजनिक गाण्याबजावण्यावर सरकारचं लक्ष नव्हतं का? होतं की. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ आहे. फक्त ते दुसरीकडंच होतं.

१८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यातले मेळे सुरू झाले. रस्त्यावरचं, फुकटचं, हजारोंनी ऐकायचं गाणं. १८९४ च्या उत्सवात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढून वाजतगाजत जाण्यावरून दंगा झाला, आणि तेव्हापासून इंग्रज सरकारच्या डोक्यात गाण्याबद्दल दोन प्रश्न पक्के बसले: वाद्यं कुठून जाणार आणि पदांत काय म्हणणार. आमच्या परांड्याचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात. शेजारची बार्शी इंग्रजांकडं, आणि मधे जहागिरीची हद्द. निजामाच्या राज्यात १९२९ मध्ये निघालेल्या "गश्ती निशान ५३" नं जाहीर सभांना आधी परवानगी घेणं सक्तीचं केलं. म्हणजे इथंही चिंता तीच, जमलेल्या लोकांना काय ऐकवलं जाईल. किती लोक जमतील आणि ते घरी कसे जातील, हा प्रश्न नव्हता.

स्वातंत्र्यानंतर तमाशाची पाळी आली. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं १९४८ च्या सुमारास अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. ती उठली ती अटींसह, वगाची संहिता तपासून घ्यायची. १९५१ चा पोलीस कायदा आला, त्याच्या आधारे १९६० मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या परवान्याचे नियम झाले, आणि त्या नियमांच्या नावातच "मेळे आणि तमाशे" हे शब्द आहेत. हे मला फार बोलकं वाटतं. सरकारी कागदावर तमाशाचं नाव आलं ते परवाना लागणारी गोष्ट म्हणून.

इथं तमाशाचा धंदा कसा चालतो ते सांगायला हवं, कारण "मोफत" या शब्दाचा अर्थ त्याशिवाय कळत नाही. ढोलकीफडाच्या तमाशाचे दोन प्रकार. एक तंबूतला, म्हणजे कनात लावून तिकीट काढून. दुसरा सुपारीचा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडमालक आपापल्या राहुट्या लावून बसतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. ही रक्कम गाव देतं, म्हणून गावात येणाऱ्याला कार्यक्रम फुकट. जागा म्हणजे देवळापुढचं पटांगण, शाळेचं मैदान, नाहीतर कुणाचं तरी मोकळं रान.

तिकिटाकडं आपण पैसे म्हणून बघतो. माझ्या डोळ्यांना ते मोजण्याचं साधन दिसतं. कनातीच्या दारावरचा माणूस तिकीट फाडतो तेव्हा एक माणूस आत आला याची नोंद होते, आणि बाहेर राहिलेल्याला "आता जागा नाही" असं सांगण्याचा अधिकार त्याला मिळतो. सुपारीच्या कार्यक्रमात हे दोन्ही नाही. कमिटीला विचारा किती लोक होते, उत्तर येतं "लई होते". आणि "जागा संपली" हे कुणाला सांगायचं? जत्रा सगळ्यांची. देवाच्या दारात पाहुण्याला परत पाठवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्यात वाईट काही नाही, फक्त मोजणारा कुणी नाही एवढंच.

(तिकीट असलं की सगळं आलबेल असं मात्र नाही. १९७९ च्या डिसेंबरात अमेरिकेत सिनसिनाटीला "द हू" या बँडच्या कार्यक्रमाबाहेर ११ जण गेले, तिकिटं सगळ्यांकडं होती. पण खुर्च्या ठरलेल्या नव्हत्या, जो आधी जाईल तो पुढं. आणि दारं थोडीच उघडली.)

फुकटच्या गाण्याचं जगातलं सगळ्यात बदनाम उदाहरण त्याच्या दहा वर्षं आधीचं. ६ डिसेंबर १९६९, उत्तर कॅलिफोर्नियातलं अल्टामाँट. रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम, जवळपास तीन लाख माणसं. आधी ठरलेली जागा अगदी शेवटच्या दोन दिवसांत बदलली. आधीच्या जागी स्टेज उंचावर येणार होतं, म्हणून ते बुटकं बांधलेलं, जेमतेम मीटरभर उंच. नव्या जागेत तेच स्टेज उताराच्या तळाशी आलं. उतारावरची सगळी गर्दी आपोआप खाली, स्टेजवर. आणि स्टेज राखायला कोण? हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी. मोबदला म्हणून ५०० डॉलरची बिअर ठरली होती असं सांगतात. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकानं मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या काळ्या मुलाला स्टेजसमोरच भोसकलं. हंटरनं पिस्तूल काढलं होतं. पुढं खटल्यात स्वसंरक्षण मानून आरोपी सुटला. त्या दिवशी आणखी तिघं गेले, दोघं गाडीखाली आणि एक कालव्यात बुडून.

यावर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला, एका पिढीच्या स्वप्नाचा शेवट वगैरे लिहिलं गेलं. मला त्यात स्टेजची उंची दिसते. आणि दारू पिऊन काठी चालवणारे "स्वयंसेवक" दिसतात, जे आपल्याकडंही गळ्यात ओळखपत्र घालून दोरीपाशी उभे असतात.

आपल्याकडं मात्र प्रत्येक वेळी नजर जाते ती स्टेजवरच्या बाईकडं. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना महाराष्ट्रभर तुफान गर्दी झाली. झाडांवर, पत्र्यांवर, भिंतींवर चढलेली माणसं, हुल्लडबाजी, पोलिसांच्या काठ्या, हे सगळं आपण मोबाईलवर पाहिलं. चर्चा काय झाली? त्यांच्या हावभावांची. लावणीची परंपरा बिघडली का, याची. त्यांनी माफीही मागितली. पत्र्यावर माणसं चढली कारण खाली उभं राहायला जागा नव्हती, आणि ती नव्हती कारण मैदान किती माणसांचं आहे हे कुणी ठरवलंच नव्हतं, यावर मी फार काही वाचलं नाही. फडातल्या बाया तर हे पिढ्यान्‌पिढ्या सोसतायत. स्टेजवर दगड आला, राहुटीत कुणी घुसलं, तरी गाणं थांबवायचं नाही, कारण थांबवलं की गर्दी आणखी बिथरते. त्यांचा संरक्षणाचा हिशेब कमिटीच्या सुपारीत बसत नाही.

२००५ हे साल मला या सगळ्या गोष्टीची गाठ वाटतं. त्या वर्षी २५ जानेवारीला, शाकंभरी पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत २९० पेक्षा जास्त माणसं गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मग दुकानांना आग. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं आवाजाच्या प्रदूषणावर निकाल दिला आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हा नियम ठसठशीत केला. एका वर्षातल्या या दोन गोष्टींपैकी गावच्या जत्रेपर्यंत कुठली पोचली? कामाच्या निमित्तानं मी कमिट्यांकडं असलेले परवानगीचे काही कागद पाहिले. दहाची वेळ प्रत्येकावर आहे. आक्षेपार्ह काही होऊ नये हेही आहे. मैदानाची लांबी-रुंदी, माणसांची कमाल संख्या, बाहेर पडायच्या वाटा, हे मी पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनावर चांगली जाडजूड मार्गदर्शिका काढली आहे. ती तालुक्याच्या खाली उतरलेली मला दिसली नाही.

दहाच्या नियमाला माझा विरोध नाही. आजारी माणूस, परीक्षेची पोरं, सगळ्यांना झोप हवी. पण त्याचा एक परिणाम कुणी धरला नाही, आणि आजोबांचा चौथा नियम तिथं आहे. जुना तमाशा रात्री उशिरा उभा राहायचा. गण, गौळण, बतावणी, मग वग, आणि वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं. म्हणजे माणसं एकदम येत नव्हती आणि एकदम जात नव्हती. कुणी बारालाच उठला, कुणी तिथंच घोंगडीवर लवंडला, उरलेले उजेडात आपापल्या गाडीवाटेनं गेले. ज्याला अंधारात गाठायचं तो अंधारात निघतच नव्हता. (रात्रभर दारू चालायची आणि पहाटेच्या भांडणांत डोकीही फुटायची, हे मी विसरलेलो नाही.) आता कार्यक्रम सात ते दहा. सगळे सातला येतात आणि दहाला, दिवे विझत असताना, एकदम फाटकाकडं वळतात.

हिशेब करून बघा. सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ८२ माणसं सुखरूप जातात. ब्रिटनमधल्या क्रीडांगणांसाठी वापरतात तो आकडा. मैदानात ८,००० माणसं आणि फाटक चार मीटरचं. मिनिटाला ३२८. म्हणजे मैदान रिकामं व्हायला २४-२५ मिनिटं लागणार, कुणी घाई केली नाही तर. घाई केली तर वेळ वाढतो. डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये संगणकावर हे दाखवलं: अरुंद दाराशी जितकी जास्त रेटारेटी, तितका प्रवाह मंद. धान्याच्या कोठीचं तोंड तुंबतं तसं. फाटकासमोर मोटरसायकली लावल्या असतील आणि भेळेची गाडी उभी असेल तर चारचे दोन मीटर झाले, आणि वेळ दुप्पट.

एकच वाट किती महाग पडते ते जर्मनीतल्या डुइसबुर्गनं दाखवलं. २४ जुलै २०१०, लव्ह परेड, मोफत संगीत महोत्सव, जुन्या मालधक्क्यावर. आत जायला आणि बाहेर यायला तोच उतार, त्याच्या तोंडाशी बोगदे. २१ तरुण माणसं गेली, साडेसहाशेच्या वर जखमी. परवानगी अडीच लाखांची होती, आणि त्या दिवशी १४ लाख आल्याचं सांगितलं गेलं. मोफत कार्यक्रमात आकडा हा मोजमाप राहत नाही, मोठेपणा होतो. आपल्याकडं बॅनरवर लिहितात ना, "लाखोंच्या उपस्थितीत", तसंच. खटला २०१७ ला उभा राहिला आणि २०२० मध्ये निकालाशिवाय मिटला.

नंतरची आपल्या देशातली दोन उदाहरणं ताजी आहेत. २५ नोव्हेंबर २०२३, कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात निकिता गांधी यांचं गाणं. पाऊस आला, बाहेरचे आत घुसले, दारातून आत गेलं की लगेच उतरत्या पायऱ्या. चौघं गेले. ४ जून २०२५ ला बंगळुरूत क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण गेले. ३५ हजारांचं मैदान, प्रवेश मोफत की पासवर याचा गोंधळ, आणि बाहेर लाखोंची गर्दी. दोन्हीकडं बळी दारापाशी गेले, आतल्या मैदानात नव्हे.

गर्दीच्या शास्त्रात एक आशेची गोष्ट अलीकडं झाली. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात दर जुलैला उत्सवाच्या सुरुवातीला एका चौकात हजारो माणसं जमतात. फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी तिथलं वरून चित्रण केलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष छापले. एका ठरावीक दाटीच्या पुढं गर्दी आपोआप गोल-गोल हेलकावे खायला लागते. साधारण १८ सेकंदांचा एक फेरा, शेकडो माणसं एकत्र, कुणी न ढकलता. डुइसबुर्गच्या चित्रणातही त्यांना तशीच हालचाल सापडली. म्हणजे उंचावर एक कॅमेरा लावला तर धोका दिसायला लागण्याची शक्यता आहे, किंकाळी ऐकू येण्याआधी. माझं काम या हेलकाव्यांच्या आसपासच आहे. पण गावाकडच्या कमिटीला मी कॅमेऱ्याबद्दल काही सांगितलं नाही.

या फाल्गुनात आमच्याकडच्या एका जत्रा कमिटीतले काका म्हणाले, "तू गर्दीचं शिकतोस म्हनं. मग सांग की, ह्या मैदानात किती माणूस बसंल?" आम्ही दोरीनं मैदान मोजलं. साठ मीटर गुणिले चाळीस. हर्बर्ट जेकब्स नावाच्या अमेरिकी पत्रकारितेच्या प्राध्यापकानं साठच्या दशकात अंगणातल्या निदर्शनांची गर्दी मोजायला चौकोन आखायची रीत काढली, तीच वापरली. चुन्यानं चौकोन आखले. स्टेज, स्पीकरचे मनोरे, जनरेटर, बायकांची बसायची जागा आणि तिथून थेट बाहेर जाणारी वेगळी वाट, मधून एक मोकळी पट्टी, एवढं वगळून पंधराशे चौरस मीटर उरले. दोनच्या दाटीनं तीन हजार.

काका बराच वेळ चुन्याच्या रेघांकडं बघत राहिले. "मागच्या साली आमी धा हजार सांगितलं हुतं पेपरला," म्हणाले. मग फाटकापर्यंत चालत गेले, पावलं मोजत परत आले. "पलीकडची भिंत जुनीच हाय. शाळेला इचारून तिकडनं एक वाट फोडली तर?"